डिझेल ऑक्टाव्हियाचं खरं मायलेज काढायचंय? आधी टाकी फुल करायला शिका

2020 च्या एप्रिलमध्ये बीएस६ (धुराचे नवे, कडक नियम) आलं आणि स्कोडाने इथे डिझेल विकणं बंद केलं, तेव्हापासून मला जुन्या 2.0 टीडीआय ऑक्टाव्हियाबद्दल विचारणारे वाढलेत. माझी 2015 ची डीएसजीवाली, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची आहे. ताकद 143 पीएस, टॉर्क 320 न्यूटन मीटर. डिकीत घरच्यांच्या चार बॅगा आणि वर आंब्याची पेटी बसते, आणि तरी ओव्हरटेकला पाय दाबला की अशी सुटते की मागे बसलेली आई स्वामींचं नाव घेते. तर अशा गाडीचं पहिलं विचारणं ठरलेलं, "किती देते?" मग एक जण सांगतो माझी 22 देते, दुसरा म्हणतो कसली 22, माझी 12 देते. दोघंही खोटं बोलत नसतात, दोघांनाही मोजता येत नाही एवढंच.

गाडीची सर्व्हिसिंग झालेली आहे, ब्रेक घासत नाहीयेत, हे धरून चालतो. हवा सकाळी टायर थंड असताना, डिझेलच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्याप्रमाणे. पंक्चरवाला अंदाजाने मारेल तेवढी नाही. संपलं.

आता दोन सल्ले डोक्यातून काढून टाका. एक म्हणजे "दिवा लागला की हजाराचं टाका, परत दिवा लागेपर्यंत किती पळाली ते बघा". अहो, तो दिवा चढावर वेगळ्या वेळी लागतो आणि उतारावर वेगळ्या, टाकीतलं डिझेल हलतं, त्यावर कसलं मोजमाप करताय. दुसरा म्हणजे डॅशबोर्डवरचा आकडा. त्याबद्दल खाली बोलतो.

खरी पद्धत सगळ्यांना माहीत असते: टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, चालवा, परत फुल करा, किलोमीटर भागिले लिटर. ऐकायला सोपं आहे. मी दोन वर्षं हेच करत होतो आणि दोन वर्षं चुकीचेच आकडे लोकांना सांगत होतो.

एकदा 380 किलोमीटरला 19.4 लिटर बसलं, म्हणजे 19.6 चं मायलेज, मी लगेच मेहुण्याला फोन करून ऐकवलं. पुढच्या वेळी परत तेच 380, तोच रस्ता, तोच मी, आणि बसलं 25.4 लिटर. म्हणजे 15. माझी झोप उडाली, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतो तो) गेला की काय म्हणून गाडी गॅरेजला नेली, तिथे इंजेक्टर साफ करून दिले आणि बिल पण दिलं. इंजेक्टरला काहीही झालं नव्हतं. दोन्ही वेळचं एकत्र केलं तर 760 किलोमीटर आणि 44.8 लिटर, म्हणजे 17, आणि गाडी दोन्ही वेळा तेवढंच देत होती. मधल्या भरण्यात पंपाचा नोझल लवकर कट झाला, म्हणजे आपोआप बंद झाला, आणि टाकी तीन लिटर कमी भरली गेली, बास. तीन लिटरने मला गॅरेजचं बिल लावलं.

हे का होतं ते समजून घ्या, नाहीतर तुम्हीही गॅरेजला जाल. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्यातून हवा ओढली जात असते. त्या भोकापर्यंत डिझेल आलं की हवा बंद होते आणि नोझल कट होतो. आता डिझेलला फेस येतो, पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त. पंपावरच्या पोराने हँडल पूर्ण दाबून जोरात सोडलं की फेस नळीत वर येतो, भोक झाकलं जातं, कट! टाकी अजून भरलेलीच नसते. त्यात गाडी एका बाजूला कलती उभी असेल, नोझल तिरका घातलेला असेल, तर अजून फरक. आणि उलट, कट झाल्यावर तो पोरगा विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?" आपण मान हलवतो, आणि तो टक-टक-टक करत चार हजारचा आकडा गाठतो. झालं, एकदा कमी आणि एकदा जास्त, आणि दोन्हीला आपण "फुल" म्हणतो.

म्हणून माझा नियम असा आहे आणि यात मी कोणाचं ऐकत नाही. एकच पंप. शक्यतो तेच मशीन, गाडी त्याच जागी, जमीन सपाट आहे तिथे. सकाळी गर्दी नसताना. उतरायचं, नोझलजवळ उभं राहायचं आणि भरायच्या आधीच सांगायचं, "दादा, हळू सोडा, पहिल्या कटला थांबा, राउंड फिगर नको." आधी, कट झाल्यावर नाही, तोपर्यंत त्याची दोन टक-टक झालेली असतात. पैसे यूपीआयने, 3,847 रुपये 62 पैसे असले तर तेवढेच. तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल, बघू दे, चौथ्या खेपेला स्वतःच म्हणतो, "पहिला कट ना?"

काही लोक म्हणतात गळ्यापर्यंत भरा, डिझेल डोळ्याला दिसेपर्यंत, मग चूकच होणार नाही. मी हे पण केलंय. फेस बसायची वाट बघत दहा मिनिटं उभं राहायचं, मागे रिक्षावाला हॉर्न मारतोय, शेवटी पेंटवर ओघळ. शिवाय टाकीत वर जी जागा सोडलेली असते ती डिझेल फुगण्यासाठी असते. दहा अंशांनी तापलं तर 45 लिटरमागे पाव लिटरच्या वर, जवळपास 400 मिली वाढतं. एप्रिलमध्ये गळ्यापर्यंत भरून उन्हात पार्क केलीत की बघा काय होतं ते. नका करू.

पहिल्या कटला थांबलात तरी लिटरभर इकडेतिकडे होणारच, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. दहा लिटर टाकून मायलेज काढलंत तर लिटरभराची चूक म्हणजे दहा टक्के, 17 चे कधी 19 होतील कधी साडेपंधरा. 40 लिटरवर तीच चूक अडीच टक्के. आणि सलग पाच टाक्या एकत्र धरल्या तर मधल्या सगळ्या चुका एकमेकींना खातात, फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची चूक उरते. म्हणून 50 लिटरची टाकी पाव राहिली की भरा, वहीत किलोमीटर आणि लिटर लिहा, आणि पाच टाक्या होईपर्यंत कोणालाही आकडा सांगू नका. मेहुण्याला तर अजिबातच नाही.

किलोमीटर बरोबर आहेत का हे एकदाच बघा. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतो, किलोमीटर मोजणारा ओडोमीटर सहसा तसा नसतो, पण टायरचा साइज बदलला असेल तर मोबाईलच्या जीपीएसशी 100 किलोमीटर ताडून घ्या.

डॅशबोर्डवरचा आकडा. माझ्या गाडीत तो दर वेळी 6-7 टक्के जास्त असतो. स्क्रीन 18 म्हणाली की मी 17 समजतो. स्कॅनर लावून ही टक्केवारी दुरुस्त करता येते, मी केली नाहीये, आता सवय झालीये. एका फेरीची दुसरीशी तुलना करायला तो चांगला आहे, बाकी फुशारकीसाठी.

रस्ता. पुणे-मुंबई एका बाजूचं मायलेज सांगणाऱ्यांना मी हात जोडतो. पुणं समुद्रापासून साधारण 560 मीटर उंच आहे. दीड टनाची गाडी तेवढी वर चढवायला अर्धा ते पाऊण लिटर डिझेल जास्तीचं जातं, आणि उतरताना त्यातलं बरंच वाचतं. म्हणून पुण्याहून निघालेला 21 सांगतो आणि परत येताना गप्प बसतो. जाऊन-येऊन मोजा. किंवा पुणे-कोल्हापूर करा, दोन्ही शहरं जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, मध्ये खंबाटकीसारखे घाट लागतात तेवढेच.

आणि घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे काका, प्लीज थांबा. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल जळतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

बाकी उजवा पाय. एक्स्प्रेसवेवर 80 वरून 100 वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो, गणितच आहे ते. गिअर नेहमीच्या डी मोडमध्ये ठेवा, स्पोर्टच्या एसला हात लावू नका असं सांगणार होतो, पण मग ही गाडी घेतलीच कशाला. माझ्या मागच्या पाच टाक्या: 3,340 किलोमीटर, 198.6 लिटर, म्हणजे 16.8. त्यात सिंहगड रोडचं ऑफिस ट्रॅफिक आहे, दोन कोल्हापूर आहेत, आणि एक महाबळेश्वर आहे जिथे आई सोबत नव्हती.