फवारणीचा हंगाम तोंडावर: दोरी ओढण्यापूर्वी इंजिनातील तेल पाहा

फवारणी आणि आंतरमशागतीच्या दिवसांत पाऊस जेवढी उघडीप देईल तेवढ्याच तासांत काम उरकावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी पंपाचे किंवा पॉवर टिलरचे इंजिन जाम झाले, तर अळीला आठवडाभराची मोकळीक मिळून हाताशी आलेले पीक जाते. अशी जाम झालेली इंजिने उघडताना मी अनेकदा पाहिली आहेत. बहुतेकांत कारण एकच निघते: इंजिन चालू करायची दोरी ओढण्यापूर्वी कोणी तेल पाहिलेलेच नसते.

५ ते ७ अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोक (पेट्रोलपासून वेगळे तेल भरायच्या) इंजिनात तेल मावते जेमतेम ६०० मिलीच्या आसपास. त्यांपैकी बहुतेकांत तेलाचा पंप नसतो आणि फिल्टरही नसतो. पिस्टनला क्रँकशी (फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची छोटी पळी प्रत्येक फेऱ्यात तेलात बुडून ते वर उडवते, एवढ्यावरच सारे वंगण अवलंबून असते. त्यामुळे तेल पाव लिटरने कमी झाले, किंवा इंजिन उतारावर तिरके चालत राहिले, की पळी तेलापर्यंत पोहोचत नाही, रॉड क्रँकला धरतो आणि तुटताना कधी कधी क्रँककेसलाही (इंजिनाच्या खालच्या कवचालाही) भोक पाडतो. एका टिलरचे तेल काढले तेव्हा भांड्यात वाटीभरच आले. ते काळेकुट्ट होते आणि तळाशी चंदेरी चुरा चमकत होता. आदल्या दिवसापर्यंत आवाज ठीक होता, असे मालक सांगत होते, आणि ते खरेही असावे, कारण आवाज बदलतो तोवर झीज होऊन गेलेली असते.

फोर-स्ट्रोकची नेहमीची कामे:
- रोज सपाट जागेवर, इंजिन बंद असताना पातळी पाहणे. तेल मोजायची दांडी आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे इंजिनासोबतच्या पुस्तिकेत पाहणे.
- खुणेच्या वर तेल न भरणे.
- नव्या इंजिनाचे पहिले तेल पुस्तिकेप्रमाणे ५ ते २० तासांत, पुढे ५० ते १०० तासांनी बदलणे. धुळीत त्याच्या निम्म्या तासांत.
- तेल कोमट असताना काढणे. ते जमिनीत किंवा विहिरीजवळ न ओतणे.
- एअर फिल्टर साफ ठेवणे.

टू-स्ट्रोक ब्रश कटर आणि पंपांत वंगण पेट्रोलमधूनच जाते. पुस्तिकेत पेट्रोल आणि तेलाचे प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली टू-स्ट्रोक तेल मापानेच घालावे. ‘झाकणभर’ हे माप नव्हे. तेल कमी पडले की पिस्टनवर धूर निघण्याच्या बाजूला ओरखडे उठतात, जास्त झाले की कार्बन साचतो. मिश्रण महिन्याहून जुने वापरू नये.

तेलात मिसळायच्या, घर्षण कमी करणाऱ्या महागड्या बाटल्या विक्रेते आग्रहाने गळ्यात मारतात. त्या घेऊ नका. पुस्तिकेत सांगितलेले एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० (हे तेलाच्या घट्टपणाचे दर्जे) तेल वेळेवर बदलले तर त्यांची गरज पडत नाही. माझी स्वतःची एक सवय सांगतो, ती कोणत्याही पुस्तिकेत नाही: दांडीवरचा थेंब चिमटीत चोळून पाहावा. कचकच लागली तर तेल तासांची वाट न पाहता बदलावे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि पातळी वाढून पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर गळतो आहे.

चालता चालता आवाज जड झाला तर इंजिन लगेच बंद करा. थंड झाल्यावर दोरी हळूच ओढून पाहा, आणि ती अडखळली तर वरून तेल ओतून पुन्हा चालू न करता इंजिन आधी उघडून घ्या.