चिनी यादवीचा निकाल उलटा लिहिताय? या चुका टाळा

पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? लहानपणी हा प्रश्न ज्याला पडला नाही असा मराठी माणूस विरळा. जर-तरची हीच ओढ मला चीनच्या यादवी युद्धापर्यंत घेऊन गेली. १९४६च्या मध्याला च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारकडे सुमारे ४३ लाख फौज होती, माओंच्या कम्युनिस्टांकडे १३ लाखांच्या आसपास. साडेतीन वर्षांनी माओ बीजिंगमध्ये होते आणि च्यांग तैवानात. इतकी उलथापालथ पाहिल्यावर राष्ट्रवादी जिंकले असते तर काय झालं असतं, हे लिहून पाहावंसं वाटतंच. पण असे बरेच मसुदे वाचल्यावर जाणवलं, की बहुतेक जण त्याच त्या खड्ड्यांत पडतात.

शेवटच्या लढाईत निकाल फिरवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. लेखक ह्वाय-हाय मोहिमेवर येतो (नोव्हेंबर १९४८ ते जानेवारी १९४९), राष्ट्रवादी सेनापतीला एक हुशार डाव सुचवतो आणि विजय त्यांच्या पदरात टाकतो. या मोहिमेत राष्ट्रवादींनी पाच लाखांहून अधिक सैनिक गमावले, त्यामुळे मोह होणं स्वाभाविक आहे. पण तोवर ईशान्येकडचा मांचुरिया हातचा गेला होता आणि चलन कोसळलं होतं. इथली लढाई जिंकली तरी पुढच्या महिन्याचा पगार कुठून येणार, याला उत्तर नाही.

उपाय असा: तुमच्या फाट्यापासून, म्हणजे जिथे तुम्ही इतिहास वेगळ्या वाटेने वळवता त्या क्षणापासून, एकेक वर्ष मागे जा आणि प्रत्येक वेळी विचारा, या घटकेला सरकारच्या हातात नेमकं काय शिल्लक होतं? फाटा १९४८च्या उन्हाळ्यानंतरचा असेल तर संपूर्ण विजय विसरा. फार तर यांगत्से नदीवर देशाची फाळणी होईल. तीही कथा ताकदीची आहे. जानेवारी १९४९मध्ये च्यांग बाजूला झाले, ली झोंगरेन हंगामी अध्यक्ष झाले, एप्रिलमध्ये वाटाघाटी फिसकटल्या, २१ एप्रिलला कम्युनिस्ट फौजा नदी ओलांडत होत्या आणि २३ला राष्ट्रवादींची राजधानी नानजिंग पडली. ते तीन महिने लिहायला कोणी बसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मांचुरियाचा १९४६चा युद्धविराम

हा सगळ्यांचा लाडका फाटा, म्हणून इथे जरा थांबू या. मे १९४६मध्ये राष्ट्रवादींनी सिपिंग घेतलं, मग चांगचुन. कम्युनिस्ट सेनापती लिन बियाओ सोंगह्वा नदीपलीकडे मागे हटले. जूनमध्ये अमेरिकेचे जनरल मार्शल यांच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला आणि कम्युनिस्टांच्या हातातलं हार्बिन वाचलं. पुढे च्यांग यांनी स्वतःच या युद्धविरामाला दोष दिला. मग लेखकाला वाटतं, तो विराम काढून टाकला की काम झालं.

झालं नाही. नकाशा उघडा. डालियन आणि पोर्ट आर्थर ही बंदरं सोव्हिएतांच्या ताब्यात होती. १९४५च्या शरदात त्यांनी राष्ट्रवादी फौजेला डालियनला उतरू दिलं नाही. मग फौज छिनह्वांगदाओला उतरली आणि शानहायग्वानच्या खिंडीतून रेल्वेमार्ग धरून वर सरकली. म्हणजे सगळी रसद त्या एका लोहमार्गावर अवलंबून. हार्बिनच्या मागे सोव्हिएत हद्द आणि आग्नेयेला उत्तर कोरिया, म्हणजे कम्युनिस्टांना मागे सरायला जागाच जागा. हार्बिन पडलं असतं तरी लिन बियाओंची फौज संपली नसती. राष्ट्रवादींचा लोहमार्ग मात्र आणखी लांबला असता.

आणि तिथे पाठवली कोण? नवी पहिली सेना, नवी सहावी सेना. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेली ही माणसं. त्यांतल्या अनेकांना अमेरिकनांनी बिहारमधल्या रामगढच्या छावणीत (आता झारखंडात) तयार केलं होतं. देशातली सर्वोत्तम पथकं सर्वांत दूरच्या कोपऱ्यात गेली, हे एकदा ध्यानात आलं की खरा फाटा वेगळाच दिसतो. नोव्हेंबर १९४५मध्ये अमेरिकन जनरल वेडेमायर यांनी सुचवलं होतं, की आधी महाभिंतीच्या दक्षिणेकडचा प्रदेश सावरा, मांचुरियाची घाई नको. हा सल्ला ऐकला असता तर? इथे कथेला जीव येतो, कारण किंमत जबर आहे. मांचुरिया हा देशातला सर्वांत जास्त कारखान्यांचा भाग, जरी सोव्हिएतांनी जाताना यंत्रसामग्री उचकटून नेली असली तरी. शिवाय जपानने १८ सप्टेंबर १९३१ला लचका तोडला तो इथलाच. चौदा वर्षांनी परत मिळालेली भूमी आता थोडे दिवस राहू द्या, हे जनतेला कोणत्या तोंडाने सांगणार? ते सांगणारा च्यांग तुम्हाला उभा करता आला पाहिजे.

तांदळाचा भाव विसरणं

मसुद्यांत तोफा मोजलेल्या असतात, पिशवीतला तांदूळ कोणी मोजत नाही. १९४५मध्ये जपानी अमलाखालच्या नानजिंग-शांघाय भागातलं चलन २००ला १ या दराने बदलून घेतलं गेलं. आपलं सरकार परत आलं म्हणून आनंदाने रस्त्यावर आलेल्या माणसाची पुंजी त्या दराने बुडाली. पुढे फौजेच्या खर्चासाठी नोटा छापणं थांबलंच नाही. १९ ऑगस्ट १९४८ला ‘सुवर्ण युआन’ आला: ३० लाख फाबीला (सरकारच्या जुन्या चलनाला) एक. सोनं, चांदी, परकी चलन सरकारजमा करा असा हुकूम निघाला. शांघायमध्ये च्यांग यांचे पुत्र च्यांग चिंग-क्वो यांनी भाव गोठवले, साठेबाजांना धरलं. अडीच महिन्यांत भावनियंत्रण उठवावं लागलं. ज्यांनी हुकूम पाळून घरातलं सोनं दिलं, तेच नागवले गेले. कम्युनिस्टांच्या कोणत्याही प्रचाराने शहरी मध्यमवर्ग इतका तुटला नसता.

उपाय सोपा, पण मेहनतीचा आहे. शांघायमधलं एक घर घ्या, एखादा शाळामास्तर घ्या आणि तुमच्या बदललेल्या इतिहासात दर सहा महिन्यांनी त्याच्या पगारात किती तांदूळ येतो ते लिहा. तो आकडा पटत नसेल, तर तुमचा विजयही पटणार नाही.

खोलीत कोण बसलंय?

मार्च १९४७मध्ये राष्ट्रवादी सेनापती हू झोंगनान यांनी कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं येनान घेतलं, तेव्हा शहर जवळजवळ रिकामं होतं. त्यांचा सचिव श्योंग शियांगह्वी कम्युनिस्टांचा हेर होता. तुमचा राष्ट्रवादी सेनापती गुप्त योजना आखत असेल, तर आधी टिपणं कोण घेतंय ते तपासा.

तैवान उचलून मुख्य भूमीवर ठेवणं

राष्ट्रवादी जिंकले म्हणजे सगळा चीन तैवानसारखा समृद्ध, असं धरून चालतात. ३७.५ हा आकडा घ्या. पिकाच्या ३७.५ टक्क्यांहून जास्त खंड घ्यायचा नाही, हा कायदा राष्ट्रवादींनी १९३०मध्येच केला होता आणि मुख्य भूमीवर तो बहुतांशी कागदावर राहिला. तोच आकडा १९४९मध्ये तैवानात अमलात आला, १९५३मध्ये कुळांना जमिनी मिळाल्या. फरक इतकाच, की मुख्य भूमीवर पक्ष जमीनदारांच्या आधारावर उभा होता. तैवानात तो बाहेरून आला होता आणि तिथल्या जमीनदारांचा मिंधा नव्हता. म्हणून तुमच्या विजयी नानजिंगला आपल्याच माणसांच्या जमिनीला हात घालावा लागेल. तो प्रसंग टाळू नका. आणि तैवानातही २८ फेब्रुवारी १९४७नंतरचं हत्याकांड आणि १९४९ ते १९८७ असा लष्करी कायदा होता, हे समृद्धीच्या चित्रातून पुसू नका.

१९६२ झालंच नसतं, असं गृहीत धरणं

भारतीय लेखकांची ही खास चूक. च्यांग फेब्रुवारी १९४२मध्ये भारतात आले, कलकत्त्यात गांधीजींना भेटले, स्वातंत्र्याच्या बाजूने बोलले. म्हणून सीमावाद मिटलाच असता? मॅकमहोन रेषा राष्ट्रवादींनीही कधी मानली नाही, तिबेटवरचा हक्क त्यांनीही सोडला नाही. बदलेल ती ताकद. अक्साई चीनमधून रस्ता काढणारा चीन एकसंध होता. यादवीत दमलेलं नानजिंग ल्हासापर्यंत पोहोचेल का, आणि कोणत्या दशकात, हे ठरवा. वाद नकाशावरच राहिला तर का राहिला, ते त्यातून आपोआप निघेल.

एक शेवटची जागा, जी मसुद्यांत कायम रिकामी असते. १९३८मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला वारले. मागे बायको आणि काही महिन्यांचा मुलगा. आज त्यांची समाधी शिजियाझ्वांगच्या हुतात्मा उद्यानात आहे. तुमच्या इतिहासात कम्युनिस्ट हरले असतील तर ते उद्यानच नाही. मग त्या बाईंनी मुलाला घेऊन कुठे आसरा घेतला, सोलापूरला पत्र आलं का, आलं तर त्यावर शिक्का कोणत्या सरकारचा होता, एवढं एक पान लिहा.