तळ्याकाठच्या गावाचा जुना विहंगम नकाशा: वाचताना, घेताना, छापताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहे. वायव्येला मेंडोटा, आग्नेयेला मोनोना. या गावाचा एक विहंगम नकाशा 1867 मध्ये अल्बर्ट रूगरने काढला आणि दुसरा 1885 मध्ये हेन्री वेल्गेने. दोन्हींचे स्कॅन लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. गावाची वस्ती तेव्हा जेमतेम दहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. घरं, झाडं, रेल्वेगाड्या, तळ्यातल्या होड्या, सगळं वरून तिरकं पाहिल्यासारखं दिसतं. माणूस तासभर त्यात रमतो आणि त्या तासाभरात पाच-सहा चुका हमखास करतो. मी त्यातल्या बहुतेक केल्या आहेत.

पहिली चूक म्हणजे चित्रकार बलूनमध्ये बसला होता असं मानणं. बलूनमधून गावाचे फोटो निघत होते, हे खरं. 1860 मध्ये बॉस्टनचा तसा फोटो घेतला गेला होता. पण रूगर, वेल्गे ही मंडळी पायी हिंडत. गल्लीबोळ पालथे घालून प्रत्येक घराचं वहीत रेखाटन करायचं, मग रस्त्यांच्या आराखड्याची तिरपी जाळी आखून एकेक घर तिच्यात बसवायचं. म्हणून या नकाशात प्रत्येक घराला खिडक्या असतात. उंचावरून पाहणाऱ्याला त्या इतक्या नीट दिसणारच नाहीत.

दुसरी चूक तळ्यांची. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, हे शाळेत डोक्यात इतकं घट्ट बसतं की पुढचं पाणी कुठलं हे न तपासताच आपण बोट ठेवतो. मी मोनोनाला मेंडोटा समजून एका मित्राला भर जेवणात अर्धा तास चुकीचं व्याख्यान दिलं होतं. खूण सोपी आहे. मधोमध कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, घुमट शोधा. तिथून स्टेट स्ट्रीट पश्चिमेला विद्यापीठाच्या टेकडीकडे जातो. टेकडी डावीकडे असेल तर तुम्ही मोनोनाच्या बाजूने पाहताय, उजवीकडे असेल तर मेंडोटाच्या. कुठल्याही तळ्याकाठच्या गावाचा नकाशा हातात आला की आधी अशी एक पक्की इमारत आणि एक पक्का रस्ता धरायचा.

आता मोठी चूक. ती जरा सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातल्या आहेत. हा नकाशा प्रमाणात आहे असं धरून चालणं. गाव मोजावं म्हणून तो काढलेलाच नव्हता, गावकऱ्यांनी विकत घ्यावा म्हणून काढला होता. चित्रकार किंवा त्याचा माणूस आधी गावात वर्गणीदार जमवायचा, पुरेसे जमले की मगच काम छापायला जायचं. घेणारा आधी आपलं घर शोधणार, मग आपलं दुकान, मग देऊळ, म्हणजे त्यांच्याकडचं चर्च. म्हणून रस्ते खऱ्यापेक्षा रुंद काढले, की पलीकडच्या घरांचे दर्शनी भाग दिसावेत. आगबोटी आणि आगगाड्या जरा फुगवल्या. कारखान्याच्या धुराड्यातून धुराचे लोट काढले, कारण तेव्हा धूर म्हणजे बरकत. एकाच चित्रात झेंडा एकीकडे आणि धूर दुसरीकडे वाहताना दिसला तर गोंधळू नका, वाऱ्याचं कुणाला पडलं नव्हतं. अशा नकाशांत अजून न बांधलेली इमारतही पुरी झालेली दाखवत, आणि पडझड सहसा दाखवत नसत. 1883 च्या नोव्हेंबरात मॅडिसनच्या कॅपिटॉलचा बांधकाम चालू असलेला दक्षिणेकडचा भाग कोसळून मजूर मेले. पुढे नामांकित वास्तुविशारद झालेला फ्रँक लॉइड राइट तेव्हा गावातला पोरगा होता, त्याने ते डोळ्यांनी पाहिलं. दीड-दोन वर्षांनी आलेल्या नकाशात त्या घटनेचा माग शोधायला जाऊ नका. तसंच, त्यातला घुमट आजचा घुमटही नव्हे. ते कॅपिटॉल 1904 च्या आगीत जळालं, आताचं 1917 मध्ये पुरं झालं.

मग यावर विश्वास ठेवायचा की नाही? घराला किती मजले, छप्पर कसं, दारापुढे ओसरी आहे का, यावर बराच ठेवायचा, कारण घरमालक तपासणारच होता. दोन घरांतलं अंतर, तळ्याची रुंदी, टेकडीची उंची, यावर नाही. अंतर हवं असेल तर सॅनबर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे बघा. ते 50 फुटांना एक इंच अशा प्रमाणात असत, विटांचं बांधकाम गुलाबी आणि लाकडी पिवळं. दोन्ही शेजारी ठेवले की एखाद्या गल्लीचा चेहराही कळतो आणि मापही.

याच कारणाने क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत असा नकाशा आजच्या नकाशावर चढवायचा हट्ट धरू नका. चार कोपरे जुळवले की मधला भाग सरकतो, मधलं जुळवलं की तळं वाकडं होतं. दहा-पंधरा खुणेच्या इमारती क्रमांक घालून आजच्या नकाशावर हाताने टिंबं करा. वेळ कमी लागतो आणि चूक कुठे आहे तेही दिसतं.

विकत घेताना मात्र डोळ्यांपेक्षा भिंगावर भरवसा ठेवा. मी एका जुन्या वस्तूंच्या बाजारात अशीच एक फ्रेम घेतली. कागद पिवळट, कडा किंचित खाल्लेल्या, विक्रेता म्हणाला अस्सल आहे. घरी आणून दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं तर तळ्याचं निळं पाणी म्हणजे नीट रांगेत बसवलेले निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. ही ऑफसेटची छपाई, गेल्या शतकातली प्रतिकृती. अस्सल नकाशा शिळाछापाचा असतो. भिंगाखाली त्याची रेघ रांगेत न बसलेल्या, वेड्यावाकड्या दाण्यांची दिसते, खडूने खरबरीत दगडावर ओढल्यासारखी, कारण ती तशीच ओढलेली असते. आजीच्या घरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आठवते का? तिच्या पदरावर भिंग धरून पाहिलंत तर दगडावरची छपाई कशी दिसते याची नजर बसते. आणि पिवळेपणावर जाऊ नका. चहाच्या पाण्याने कागद एका दुपारीत म्हातारा करता येतो. प्रतिकृती घेण्यात काही वाईट नाही, फक्त पैसे प्रतिकृतीचे द्या.

छापून भिंतीवर लावायचा असेल तर पडद्यावर दिसणारं छोटं चित्र उतरवून घेऊ नका. 24 इंच रुंद प्रत 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, छापायची तर 7200 पिक्सेल लागतात. हजार पिक्सेलची फाइल तेवढी ताणली की घरांच्या जागी शेवाळ उगवतं. संकेतस्थळावरची टिफ किंवा जेपीईजी 2000 ही मोठी फाइल घ्या, आणि दुकानदाराला रंग भडक करू नको असं आधीच बजावा, नाहीतर तो मनाने तळं समुद्रासारखं निळं करतो.

हाती अस्सल प्रत असेल तर लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टीही नको. मी मागच्या बाजूने एक लावली होती. तिचा गोंद वर्षभरात कागदात मुरला आणि आता मोनोनाच्या काठावर तपकिरी रंगाचं एक बेट आहे, जे नकाशा काढणाऱ्याने काढलेलं नव्हतं.