अर्जात न्यायनिवाड्याचा दाखला कसा द्यावा

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नाहीत, म्हणून पोलीस अधीक्षकांना लिहिलेले अर्ज मी पुष्कळ टाइप केले आहेत. त्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘मा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे.’ कोणता निर्णय, कधीचा, कितव्या परिच्छेदात, याचा पत्ताच नाही. वाचणाऱ्या साहेबांनी तो कुठे शोधायचा? तेव्हा हाच निर्णय उदाहरणाला घेऊ.

सुरुवात टाइप करण्यापासून नको, निवाडा मिळवण्यापासून करा. व्हॉट्सॲपवर फिरणारा उतारा म्हणजे निवाडा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणि ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन निवाडेसंग्रहावर निवाडे फुकट मिळतात. तिथून पूर्ण प्रत उतरवून घ्या. चॅटबॉटला विचारलंत तरी त्याने दिलेलं नाव तिथे सापडतंय का ते पाहा. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, मुळात नसलेलेच निवाडे कोर्टापुढे ठेवले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला.

आता दाखल्याची ओळ. ती अशी लिहायची:

ललिता कुमारी वि. उत्तर प्रदेश शासन, (२०१४) २ एससीसी १, परिच्छेद १२०.१ (सर्वोच्च न्यायालय, घटनापीठ, निकाल दि. १२ नोव्हेंबर २०१३).

एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’, निवाडे छापणारा अहवाल. कंसातलं साल अहवालाच्या खंडाचं, पुढचा २ हा खंड क्रमांक, शेवटचा १ हे पान. निकाल २०१३ चा आणि दाखला २०१४ चा, यात चूक काही नाही. निवाडा छापून आला पुढच्या वर्षी. पक्षकारांची नावं तिरक्या ठशात घेतली की ओळ चटकन डोळ्यांत भरते.

खरी गोची परिच्छेद क्रमांकात होते. एससीसीच्या छापील खंडात निष्कर्ष १२०व्या परिच्छेदात आहेत. न्यायालयाच्या मूळ प्रतीत तेच १११व्या. तुम्ही १२० लिहिलंत आणि सोबत मूळ प्रत जोडलीत, तर वाचणारा भलत्याच ठिकाणी शोधत बसेल. जी प्रत जोडाल तिचाच क्रमांक द्या, किंवा सरळ ‘मूळ प्रतीत परिच्छेद १११’ असं लिहून टाका.

उतारा घेताना हेडनोटला हात लावू नका. सुरुवातीचा तो सारांश अहवालाच्या संपादकांनी केलेला असतो, न्यायमूर्तींनी नव्हे. मी एकदा घाईत तोच उतरवून अवतरणचिन्हांत घातला होता. वकीलसाहेबांनी अख्खं पान परत टाइप करायला लावलं, आणि बरोबरच केलं.

मूळ इंग्रजी, अर्ज मराठीत. मग उतारा असा दिसेल:

“[फौजदारी प्रक्रिया] संहितेच्या कलम १५४ अन्वये, माहितीवरून दखलपात्र अपराध घडल्याचे उघड होत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे आणि अशा परिस्थितीत प्राथमिक चौकशी करता येणार नाही.” (मूळ इंग्रजी, भाषांतर अर्जदाराचे.)

दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो अपराध. चौकोनी कंसातले शब्द तुमचे, बाकीचे न्यायालयाचे. मधले शब्द गाळलेत तर तीन टिंबं द्या. काही शब्द ठळक केलेत तर शेवटी ‘ठळक ठसा अर्जदाराचा’ असं लिहा, नाहीतर तो न्यायालयाचाच वाटतो. आणि ‘उघड होत असेल तर’ ही अट गाळायचा मोह अजिबात नको. सगळा निवाडा त्या ‘तर’वर उभा आहे. याच निष्कर्षांतला सहावा मुद्दा सांगतो की कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय निष्काळजीपणा, भ्रष्टाचार किंवा फार उशिरा आलेली तक्रार असेल तर प्राथमिक चौकशी करता येते. तुमचं भांडण भागीदारीतल्या पैशांचं असेल तर हा मुद्दा दडवू नका. स्वतःच मांडा आणि तुमचं प्रकरण त्यात का बसत नाही ते सांगा. समोरचा माणूस तो वाचणारच आहे.

यापुढचं काम बहुतेक जण टाळतात: निवाडा आजही जसाच्या तसा लागू आहे का, हे बघणं. प्राथमिक चौकशीसाठी मुळात ७ दिवसांची मर्यादा होती. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने ती १५ दिवस, अपवादात्मक प्रकरणांत ६ आठवडे केली. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुन्या १५४च्या जागी कलम १७३ आलं. त्याचं तिसरं पोटकलम तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू देतं. म्हणजे आधी तुमच्या तक्रारीतल्या गुन्ह्याची शिक्षा पाहा, मगच ललिता कुमारीचा दाखला द्या. अधीक्षकांकडे अर्ज करण्याची तरतूद कलम १७३च्याच चौथ्या पोटकलमात आहे. तिचा उल्लेख विषयाच्या ओळीतच करा.

मांडणीला फार वेळ लागत नाही. अशा अर्जाला ठरावीक नमुना नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्वतःकडच्या कागदपत्रांसाठी घालून दिलेलं माप मी सगळीकडे वापरतो: ए-४ कागद, अक्षर १४चं, दोन ओळींत दीडपट अंतर, डावी-उजवीकडे ४ सेंटिमीटर समास, उतारा मात्र १२च्या अक्षरात, एकेरी अंतराने. मराठी फॉन्टला १४ कधी लहान वाटतो, तेव्हा १५ करा. उतारा दोन्ही बाजूंनी थोडा आत घेतला की तुमचं म्हणणं कुठे संपलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी ‘परिशिष्ट अ’ म्हणून निवाड्याचं पहिलं पान आणि निष्कर्षाची पानं जोडा, संबंधित ओळींना समासात पेन्सिलची उभी रेघ मारा. आवक खिडकीवर दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायची वेळ आली, तर पहिल्यांदा तीच प्रत मागतील.