भिगवणचे पक्षी आणि कडबनवाडीची चिंकारा: दोन दिवसांची वाट

पुण्याहून सोलापूर महामार्गाने सुमारे 100 किलोमीटरवर भिगवण लागते. उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी येथे पसरलेले असून हिवाळ्यात, विशेषतः जानेवारी ते मार्च या काळात, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी ही जागा उत्तम आहे. आदल्या संध्याकाळी कुंभारगाव किंवा डिकसळ येथे मुक्काम करावा आणि उजाडताच स्थानिक मच्छीमारांच्या होडीत बसावे, कारण ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते व दुर्बिणीतून पिसांचे बारकावे नीट दिसत नाहीत.

रोहित दिसताच होडी थांबवायला सांगावी. तो चोच उलटी करून उथळ पाण्यात बुडवतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर ढकलत सूक्ष्म जीव गाळून घेतो. हे दृश्य शांतपणे पाच मिनिटे पाहावे. फोटोसाठी थवा उडवायला नावाड्याला कधीही सांगू नये, कारण त्यात पक्ष्यांची खाण्याची वेळ आणि ताकद दोन्ही वाया जाते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, तसेच चित्रबलाक व नदी सुरय हे पक्षीही येथे भेटतात.

दुपारी विश्रांती घेऊन उन्हे कलताना इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर जावे. चिंकारा (हरणासारखा छोटा प्राणी) गवताच्याच रंगाची असल्याने प्रथम हलणारी काळसर शेपटी शोधावी. गाडी आखलेल्या वाटेवरच ठेवावी, कारण गवतात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी चाकाखाली सहज येतात.