दुधीला फुलं येतात पण दुधी धरत नाही? मग हे करून बघा

ठाण्यात घोडबंदर साईडला टॉवरच्या बाल्कनीत दुधी लावणाऱ्यांची एकच तक्रार, वेल ग्रिलभर पसरलाय, फुलं पण भरपूर, दुधी मात्र एकपण नाही. मग लोक खतावर खत टाकत बसतात. खत राहू दे, आधी फुलाच्या मागच्या बाजूला बघा.

जास्वंदीला कसं एकाच फुलात पुंकेसर (नर भाग) आणि स्त्रीकेसर (मादी भाग) दोन्ही असतात, दुधीत तसं नाही, वेल एकच पण फुलं वेगळी. लांब बारीक देठावर नुसतंच फूल असेल तर ते नर. पाकळ्यांच्या खाली लव असलेला इवलासा दुधी दिसतोय ते मादी. तो इवलासा दुधी म्हणजेच अंडाशय, आत बीजांडं, म्हणजे पुढे ज्यांच्या बिया होतात ती, तयार असतात, फक्त नर फुलातली पूड, म्हणजे पराग, पोचायचे बाकी असतात. सुरुवातीला बरेच दिवस नर फुलंच येतात, तेव्हा टेन्शन नको, वेलाचा शेंडा खुडा, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

आता टायमिंग. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं. पराग न्यायचं काम रात्रीचे पतंग वगैरे करतात पण वरच्या मजल्यावर त्यांच्या भरवशावर राहू नका. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, मधे परागकोशांचा, म्हणजे परागांच्या पिशव्यांचा, गुंता दिसेल, त्यावर बोट फिरवल्यावर पूड लागली पाहिजे. तो मादी फुलाच्या मधल्या जाडसर कुक्षीवर, म्हणजे पराग चिकटतात त्या भागावर, हळूच घासा. कुक्षीचे तीन भाग असतात, तिन्हीला लावा, घाई करू नका, कारण प्रत्येक परागकणातून एक नळी फुटून कुक्षीखालच्या दांड्यातून (कुक्षीवृंतातून) खाली अंडाशयात उतरते आणि एका बीजांडाला एक परागकण लागतो, म्हणजे पराग कमी पडले की बिया कमी आणि मग दुधी वाकडातिकडा नाहीतर एका टोकाला बारीक. पावसात फूल भिजलं तर पराग फुकट गेले समजा, आपल्याकडे जुलैत तर ग्रिलवरची फुलं भिजतातच, त्यामुळे आडोशातलं फूल घ्या.

काही दिवसांत इवला दुधी फुगायला लागला तर झालं काम, पिवळा पडून गळला तर पुढच्या मादी फुलाला परत करा.

कारल्याला पण हेच, फक्त सकाळी. मिरची-टोमॅटोला हा खटाटोप नको, एकाच फुलात दोन्ही असतं, झाड जरा हलवलं तरी चालतं. आणि लाल भोपळा लावला असेल तर जास्तीच्या नर फुलांची भजी करा, सगळी मात्र तळू नका, दोन-चार वेलावर ठेवा.