प्लॅस्टिक किटची पाणबुडी पाण्यात उतरवताना या चुका टाळा

किटची पाणबुडी रेडिओवर चालवायची म्हटलं की रेव्हेल कंपनीचं १/७२ मापाचं टाइप ७सी यू-बोटचं (जर्मन पाणबुडीचं) किट बहुतेकांच्या हाती पहिलं पडतं. खरी बोट ६७.१ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण ९३ सेंटीमीटर. आत ६० ते ६५ मिलिमीटर व्यासाचं जलरोधक सिलिंडर बसतं आणि बाकीच्या कवचातून पाणी मोकळं फिरतं. रचना एवढीच. तरी ही मॉडेलं बुडतात, आणि वर्षानुवर्षं त्याच चार-पाच कारणांनी बुडतात. खालचे आकडे ७सी धरून दिलेत. गाटो (अमेरिकी पाणबुडी) किंवा दुसरं किट असेल तर हिशेबाची रीत तीच, फक्त मापं आपली घाला.

घरातलाच २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ घालणं

विमानाचा किंवा ड्रोनचा रेडिओ कपाटात पडलेला असतो, म्हणून तोच पाणबुडीत जातो. पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. पृष्ठभागावर बोट झकास चालते, वळते, व्हिडिओ निघतो. मग प्लेन (बोट वरखाली वळवणारे आडवे पंख) खाली करून डुबकी मारली जाते. डेकवरचा टॉवर पाण्याखाली जातो आणि रिसीव्हरला काहीच ऐकू येईनासं होतं. फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते आधी ठरवणारी सोय) कुणी बसवलेलं नसतं, किंवा कारखान्यातून आलं तसं 'शेवटची आज्ञा धरून ठेव' वर असतं. शेवटची आज्ञा होती मोटार पुढे, प्लेन खाली. बोट ती निष्ठेने पाळते आणि तळाच्या गाळात नाक खुपसते. काठावरचा माणूस अँटेना हलवत बसतो.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी गोड्या पाण्यातही सेंटीमीटरमागे सुमारे अडीच डेसिबल गमावतात. ३० सेंटीमीटरला ७५ डेसिबल गेले म्हणजे संपलंच. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण याच वारंवारतेवर पाणी तापवतो, त्यामुळे यात नवल काही नाही. अँटेना तरंगत्या बोयाला बांधून ओढत नेण्याचा जुगाड काही जण करतात. तसं करायचं असेल तर सरळ पाण्यावर चालणारी बोट बांधा, पाणबुडीच्या वाटेला जाऊ नका.

म्हणून कमी वारंवारतेचा, जुना मेगाहर्ट्झचा सेट शोधा. त्यातही वारंवारतेचा पट्टा बघून घ्या. अमेरिकेत ७५ मेगाहर्ट्झ जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या मॉडेलांचा आणि ७२ विमानांचा. ब्रिटनमध्ये ४० बोटींचा, ३५ विमानांचा. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. स्वस्तात मिळाला म्हणून परदेशातून विमानाचा सेट उचलू नका. रिसीव्हरची अँटेना जेवढ्या लांबीची आली तेवढीच ठेवा. कापायची नाही, गुंडाळी करायची नाही. कवचाच्या आतून शेपटीपर्यंत सरळ पसरा आणि टोकाची उघडी तार इपॉक्सीच्या थेंबाने बंद करा. फेलसेफवर मोटार बंद आणि बॅलास्ट (बुडण्यासाठी टाकीत घेतलेलं पाणी) बाहेर, हे दोन्ही लावून घ्या. जुन्या सेटमध्ये ती सोय नसेल तर वेगळं फेलसेफ उपकरण जोडा.

खाडीत आणि समुद्रात यातलं काहीच चालत नाही. ७५ मेगाहर्ट्झच्या लहरीसुद्धा समुद्राच्या पाण्यात तीनेक सेंटीमीटरवर एक तृतीयांशाच्या आसपास उरतात. कोकणात घर असलं तरी मॉडेल विहिरीशेजारच्या टाकीत किंवा गोड्या तळ्यातच चालवा.

बॅलास्ट टाकी अंदाजाने कापणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती कळते तेव्हा सिलिंडर पुरं झालेलं असतं. 'मोठी टाकी घेऊ, कमी भरू' हे उत्तर नेहमी ऐकू येतं. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी पुढे-मागे धावतं, नाक जरा झुकलं की सगळं पाणी नाकाकडे आणि बोट उभी. पंपाची किंवा गॅसची टाकी एक तर पूर्ण रिकामी, नाही तर पूर्ण भरलेली चालवायची. म्हणून माप आधी काढावं लागतं.

हिशेब सोपा आहे. पृष्ठभागावर तरंगताना पाणरेषेच्या वर जे जे घन राहतं, तेवढ्या घनफळाचं पाणी टाकीत मावलं पाहिजे. पोकळ जागा मोजायची नाही, तिथे पाणी शिरणारच आहे. मोजायचं ते प्लॅस्टिक, पितळ आणि फोमचं घनफळ. पाणरेषेवरचे सगळे भाग, म्हणजे डेक, टॉवर, तोफ, कवचाचा वरचा पट्टा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. पॉलिस्टायरीनची घनता १.०५, म्हणून ग्रॅमला १.०५ ने भागा. २३० ग्रॅम भरले तर २१९ मिलिलिटर. पितळेच्या कठड्यांचं वजन ८.५ ने भागा, ३४ ग्रॅमचे ४ मिलिलिटर. बेरीज २२३, वर पंधरा टक्के धरून साधारण २५५. आतला व्यास ६० मिलिमीटर असेल तर सिलिंडरच्या दर सेंटीमीटरात २८.३ मिलिलिटर मावतात, म्हणजे टाकी ९ सेंटीमीटर लांब.

इथेच दुसरी गोम आहे. सिलिंडर कवचात जरा वर बसवलं आणि त्याची पाठ पाणरेषेच्या वर एक सेंटीमीटर आली, तर ६३ मिलिमीटर व्यासाच्या ४० सेंटीमीटर नळीचे सुमारे १२५ मिलिलिटर त्या हिशेबात वाढतात. म्हणजे टाकी दीडपट. नळीखाली वायरी सरकवायला जागा हवी म्हणून सिलिंडर उचलणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. सिलिंडर जितकं खाली बसेल तितकं बसवा आणि टाकी मधोमध, बोटीच्या समतोल बिंदूवर ठेवा. टाकी पुढे गेली तर भरताना नाक बुडतं, आणि शेपटीला शिसं लावून ते सुधारत नाही, कारण टाकी रिकामी झाली की शेपूट बुडते.

फोम आणि शिसं कुठेही चिकटवणं

दोन वेगवेगळी कामं आहेत, ती मिसळू नका. टाकी रिकामी ठेवून बोट पाणरेषेवर आणायची तर फोम पाणरेषेच्या खाली लावायचा. मग टाकी भरायची. बोट दगडासारखी गेली तर फोम पाणरेषेच्या वर, डेकखाली लावायचा. तो पृष्ठभागावर काही करत नाही, बुडाल्यावरच उचलतो. मात्र वर लावलेला प्रत्येक मिलिलिटर टाकीला वर येताना बाहेर काढावा लागतो, म्हणून तोही आधीच्या बेरजेत धरा. टाकी भरल्यावर टॉवरचं टोक ५ ते १० मिलिमीटर बाहेर राहील इथे थांबा. उरलेलं काम प्लेन आणि मोटार करतात, आणि बॅटरी संपली तर बोट आपोआप वर येते.

शिसं किलला, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याला, शक्य तितकं खाली. गाड्यांच्या चाकांना लावतात ती ५ ग्रॅमची चिकट वजनं उत्तम, पण ट्रिम (पाण्यातला तोल आणि तरंगण्याची पातळी) पक्की होईस्तोवर टेपने लावा, इपॉक्सी नंतर. साधा थर्मोकोल वापरू नका. दाण्यांमधून पाणी पितो, आणि मॉडेलचा गोंद लागला की विरघळतो. दाबला की चेपणारा मऊ फोम तर नकोच. खोल गेलं की तो आकसतो, तरंगण कमी होतं, बोट आणखी खोल जाते. निळा किंवा गुलाबी कडक एक्सपीएस बोर्ड मिळतो, तो घ्या. हे सगळं मुलांच्या फुगवायच्या पूलमध्ये होतं, तळ्यावर जायची गरज नाही. तळं बदललं तर ट्रिमही पुन्हा तपासा. २० अंशांच्या पाण्यातून ३० अंशांच्या पाण्यात गेलं की दर किलोमागे अडीच ग्रॅम तरंगण जातं.

भोकं न पाडणं, आणि पाडलेली रंगाने बुजवणं

कवचात पाणी शिरायला खाली वाट आणि हवा निघायला वर वाट, दोन्ही हव्यात. किटवर पाणी जाण्याच्या खाचा काही ठिकाणी नुसत्या उमटवलेल्या असतात. त्या आरपार कोरा. डेकच्या फळ्यांमधल्या फटी आतून कानस मारून उघडा, आणि टॉवरच्या तळाला दोन मिलिमीटरची भोकं पाडा, नाहीतर हवेचा फुगा तिथेच अडकतो आणि ट्रिम दर वेळी वेगळी येते. माणूस मग शिसं वाढवत जातो. बोट पाण्याखाली धरून कुशीवर वळवा. बुडबुडे आले तर अजून भोकं कमी आहेत.

मग रंग येतो. प्रायमर, रंग आणि वार्निशचे थर चढले की एक मिलिमीटरचं भोक सहज बुजतं. हा प्रश्न फक्त खेळण्यांचा नाही. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीला निघालेल्या ब्रिटिश पाणबुडी थेटिसवर टॉर्पेडो नळीत पाणी आहे का हे पाहायचा छोटा टेस्ट-कॉक रंगाने बुजला होता. त्यातून पाणी आलं नाही, म्हणून नळी कोरडी समजून आतलं दार उघडलं गेलं. बाहेरचं झाकण उघडंच होतं. ९९ माणसं गेली. रंगकाम झालं की प्रत्येक भोकातून टूथपिक फिरवा, आणि सिलिंडरच्या व्हॉल्व्हचं तोंड रंगवण्याआधी टेपने झाका.

सिलिंडर आणि सील

लोक बाहेरच्या पाण्याला घाबरतात. ६० मिलिमीटरच्या झाकणावर एक मीटर खोलीला रेटा असतो पावणेतीन किलोच्या आसपास. पिस्टनची टाकी (सिरिंजसारखी पाणी आत ओढणारी) असेल तर आतला रेटा त्याहून कितीतरी मोठा. आत ७५० मिलिलिटर मोकळी हवा असताना पिस्टनने २५० मिलिलिटर पाणी ओढलं, तर तीच हवा ५०० मध्ये कोंबली जाते. दाब दीडपट, झाकणावर आतून चौदा किलोचा धक्का. नुसत्या ओ-रिंगच्या (गोल रबरी सीलच्या) घट्टपणावर झाकण ठेवणाऱ्यांचं झाकण तळ्यातच सुटतं. तीन मिलिमीटरची स्टेनलेस आटे पाडलेली सळई आरपार घालून दोन्ही झाकणं आवळा.

झाकण बंद करताना हवा कोंडते, म्हणून एक वायुस्क्रू हवाच. तो शेवटी बंद करायचा, आणि सावलीत. ४० अंशांच्या उन्हात बंद केलेलं सिलिंडर २६ अंशांच्या पाण्यात टाकलं की आतला दाब साडेचार टक्के उतरतो. म्हणजे अर्धा मीटर खोलीएवढं शोषण, बोट पृष्ठभागावर असतानाच.

गळती तपासायला ६० मिलिलिटरच्या सिरिंजने व्हॉल्व्हमधून हवा भरा, सिलिंडर बादलीत बुडवा आणि सर्वो (सुकाणू आणि प्लेन हलवणाऱ्या छोट्या मोटारी) हलवत राहा. स्थिर सर्वोच्या दांड्या गळत नाहीत, हलणाऱ्या गळतात. हे न करता 'तपासलं' म्हणणारे बरेच असतात. पाण्यात जाताना आत टिश्यू पेपरची पट्टी ठेवा. कुठे ओली झाली त्यावरून कुठून गळलं ते कळतं.

नायट्राइल ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, सिलिकॉन ओ-रिंगला लावू नका, ती फुगते. ग्रीसचा हात कवचाला लागला तर त्या जागी रंग धरत नाही, म्हणून रंगकाम आधी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट इलेक्ट्रॉनिक्सजवळ नको, तांबं गंजतं. पॉलिकार्बोनेट नळीला अ‍ॅसिटोन किंवा थ्रेडलॉकर (स्क्रू पक्के करायचा गोंद) लागला तर बारीक तडे जातात, आणि ते पाण्यात उघडे पडतात.

थोडक्यात बाकीचं

मोटार मोठी घालू नका. ७सी पृष्ठभागावर १७.७ नॉट जायची, १/७२ ला (वेगाला ७२ च्या वर्गमुळाने भागून) ते सेकंदाला १.०७ मीटर. पाण्याखाली ७.६ नॉटचे होतात सेकंदाला ४६ सेंटीमीटर. २८० आकाराच्या दोन मोटारींना एवढं सहज जमतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातला प्रकार म्हणजे ट्रिम व्हायच्या आधी ब्रशलेस मोटार.

गॅसवर चालणारा बॅलास्ट असेल आणि गॅस पेटणारा असेल, तर तो ब्रशच्या मोटारीशेजारी कोरड्या भागात कधीच नको.

पिच कंट्रोलरची (बोट आपोआप आडवी ठेवणाऱ्या उपकरणाची) दिशा टेबलावर बघा. नाक खाली केलं की मागच्या प्लेनची मागची कड वर उठली पाहिजे. उलट असेल तर बोट पहिल्याच डुबकीला तळ गाठते. दिशा बरोबर असून बोट लाटेसारखी वरखाली होत असेल तर गेन (कंट्रोलरच्या प्रतिसादाचा जोर) कमी करा.

सायनोअॅक्रिलेटवर (झटपट चिकटणाऱ्या गोंदावर) प्रॉपेलरच्या शाफ्टची नळी बसवू नका, एका धक्क्यात सुटते. संथ इपॉक्सी वापरा आणि रात्रभर ठेवा.

बॅटरी सिलिंडर बंद ठेवून चार्ज करू नका, ती कुठल्याही प्रकारची असो.

पहिल्या फेऱ्या एक मीटरपेक्षा उथळ आणि तळ दिसेल अशा पाण्यात. टॉवरला दहा मीटर मासेमारीची दोरी आणि टोकाला रंगीत फ्लोट बांधा, प्रॉपेलरपासून दोरी दूर राहील अशी, पुढच्या बाजूने. ट्रिम, फेलसेफ आणि बॅटरी संपल्यावर बोट वर येते की नाही, हे तिन्ही मुद्दाम घडवून पाहिल्यावरच दोरी काढा.